सातशे एक्याण्णव किलोमीटर

आई, मी मोटारसायकल घेतली. निळी आहे. तू गेलीस तेव्हा मला साधी सायकलसुद्धा उतारावर सोडायची भीती वाटायची, त्यामुळे तुझा विश्वास बसणार नाही. बाबांचाही पहिले दोन दिवस बसला नव्हता. सकाळी उठून ते आधी अंगणात जायचे, गाडी आहे का ते पाहायचे आणि मग येऊन चहा घ्यायचे. मी आता जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. कळंबच्या आजूबाजूच्या खेड्यांत गाई-म्हशींना, शेळ्यांना लस टोचत फिरते. शेतांकडे जाणाऱ्या पांदणीच्या काळ्या मातीत स्कूटीची लहान चाकं रुततात, म्हणून मोटारसायकल. शोरूममध्ये हे कारण मी इतक्यांदा सांगितलं, की शेवटी तिथला विक्रेताच नव्या माणसांना ते सांगायला लागला.

बारा वर्षांनी तुला लिहायचं कारण गाडी नाही, गाडीचे कागद. शाळेत जायच्या आधी तू मला वाचायला शिकवलंस, ते स्वयंपाकघरात, ओट्याखाली पाटावर बसवून. घरात गोष्टीचं पुस्तक नव्हतं, म्हणून कुकरचं माहितीपुस्तक होतं. सगळ्यांचा ‘क्ष’ क्षत्रियाचा असतो, माझा अजून सुरक्षा झडपेचा आहे. पंखा, इस्त्री, मिक्सर, प्रत्येकाचं गॅरंटीकार्ड तू बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचीस आणि पोळ्या लाटता लाटता माझ्याकडून वाचून घ्यायचीस. ‘एक वर्ष किंवा अमुक तास, जे आधी होईल ते’, ही ओळ मला काही केल्या कळत नव्हती. तेव्हा तू लाटणं थांबवून म्हणालीस, “अंधार पडन किंवा भूक लागन, जे आधी होईल ते, तवा खेळून घरी यायचं. आता समजलं?” समजलं. सहावीत मी सहलीच्या कागदावर न वाचता तुझ्यापुढे सही केली, तेव्हा तू कागद काढून घेतलास आणि मला अख्खा पुन्हा वाचायला लावलास. “सही म्हणजे बोलणं असते,” तू म्हणालीस. “बोललेला शब्द परत गियता येत नाही.”

तर अशी तुझी मुलगी यवतमाळच्या शोरूममध्ये गेली. एकदा नाही, चारदा. गाडी पहिल्याच दिवशी पसंत पडली होती. पुढचे तीन दिवस वाढीव वॉरंटी, वार्षिक सर्व्हिस पॅकेज आणि वरच्या मॉडेलचे होते. विक्रेता पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने माझ्यासमोर पत्रकं मांडली आणि मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. वर्षानुवर्षं तिथे बसून कोणी ते मागच्या बाजूचं बारीक छापलेलं वाचलं नसावं, कारण मध्ये एकदा तोही खुर्ची ओढून माझ्यासोबत वाचायला लागला. क्लचप्लेट झिजली तर वॉरंटीत येते का, मी विचारलं. ते यात येत नाही म्हणाला. ब्रेकचे पॅड? तेही नाही. चेन, बल्ब, रबरी नळ्या, काहीच नाही. मग येतं काय? तो म्हणाला, इंजिन.

“अन् इंजिन कधी बिघडते?”

“आपलं इंजिन बिघडतच नाही, मॅडम.”

“मग वॉरंटी कायले?”

त्याने पत्रक पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. शेवटी म्हणाला, “झोप चांगली लागते.” इतकं प्रामाणिक उत्तर मी आजवर कुठल्याच दुकानात ऐकलं नाही, आणि माझी झोप किती कच्ची ते तुला माहीतच आहे. मी वाढीव वॉरंटी घेतली. सर्व्हिस पॅकेज घेतलं नाही, कारण त्यात तेल त्यांचं आणि फिल्टर आपला होता. वरच्या मॉडेलमधला पुढचा डिस्क ब्रेक घेतला. फोनला जोडायची काचेची पाटी सोडली. म्हशीला लस टोचताना मला कोणाचा फोन येतो ते पाहायची गरज नाही. बाबा चारही वेळा सोबत होते. चौथ्या दिवशी ते शोरूमच्या पाण्याच्या कॅनजवळ बसून विक्रेत्याला म्हणाले, “हे गाडी घेऊन राह्यली का वकिली करून राह्यली?” मी सही केली तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या. एक अट मी लाल पेनाने गोल करून ठेवली: पहिली सर्व्हिस साडेसातशे किलोमीटर किंवा तीस दिवस, जे आधी होईल ते. चुकली तर वाढीव वॉरंटी संपली.

इथे मिक्सरचं सांगायला हवं. मी नऊ वर्षांची होते. दिवाळीत आलेल्या त्या मिक्सरच्या पोटात एवढं ओरडतं काय, ते मला पाहायचं होतं. तू शेतात गेली होतीस. मी त्याला पालथा केला, बुडाच्या स्क्रूवरचं गोल कागदी सील विळीच्या टोकाने उचकटलं, एक स्क्रू काढला, आणि भीतीने लगेच परत बसवला. पुढे चार महिन्यांनी मिक्सर बंद पडला. तू त्याला जुन्या लुगड्यात बांधलंस आणि मला घेऊन एसटीने यवतमाळला गेलीस. दुकानदाराने मिक्सर उलटा केला आणि सील फुटलंय म्हणाला, कोणीतरी खोललाय. तू सरळ उभी राहिलीस. “माह्या घरात वाचल्याबिगर कोणी कशाले हात लावत नाही,” तू म्हणालीस. “माह्या पोरीले विचारा.” त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, कोणी नाही खोलला. त्याने फुकट दुरुस्त करून दिला, आणि तू मला स्टँडवर उसाचा रस पाजलास, कारण मी खरं बोलले होते. मी पूर्ण ग्लास प्यायले, आई. तो स्क्रू मी काढला होता.

गाडी हातात आल्यावर मात्र भलतंच झालं. मला ती चालवायला आवडते. कामाला जाते तर लांबच्या रस्त्याने जाते, आणि येताना त्याहून लांबच्या. तुरीला पिवळा फुलोरा आलाय, दोन्ही बाजूंना कापूस फुटलाय, आणि हेल्मेटच्या आत मी मोठ्याने गाते, कारण तिथे कोणाला ऐकू येत नाही. (येतं, असं बाबा म्हणतात.) विसाव्या दिवशी शनिवारची सुट्टी होती, आणि मी सकाळी उठून फुलसावंगीला निघाले. तुझ्या माहेराला. दर वेळी गाठोडं आणि मला सांभाळत एसटी बदलताना तू म्हणायचीस, एक दिवस बस न बदलता फुलसावंगीले जाईन. मी गेले. यवतमाळ, आर्णी, महागाव, कुठेही न बदलता. मावशी दारातच होती. तिने आधी गाडीला हळद-कुंकू लावलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. “तुही माय असती त मांगं बसली असती,” ती म्हणाली, “अन् रस्त्यावरची एकूण एक पाटी वाचत आली असती.” आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण बाहेर आली.

परतताना चार वाजता यवतमाळला पोचले तेव्हा वेगाच्या काट्याखालच्या खिडकीत सातशे पंचवीस किलोमीटर होते. शोरूम उघडं होतं. मी तिथे थांबले नाही. सोमवारी सकाळी सर्व्हिसला गेले तेव्हा सातशे एक्याण्णव झाले होते.

सर्व्हिसच्या टेबलावरच्या माणसाने आकडा पाहिला, लाल गोल केलेली अट पाहिली आणि माझा चेहरा पाहिला. पेन उचलून तो अगदी मायेने म्हणाला, “सातशे चाळीस लिवतो, मॅडम. कोन पाह्यते?” त्याच्या हाताशी माझं कार्ड होतं, खाली माझी सही होती. मला त्या दुकानातला मिक्सर दिसला, पालथा. या वेळी मान हलवायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं गप्प उभं राहिलं तरी पुरलं असतं.

“सातशे एक्याण्णव लिहा,” मी म्हटलं.

“वॉरंटी जाईन तुमची.”

“जाऊ द्या.”

त्याने मॅनेजरांना बोलावलं. त्यांच्या मागून तो विक्रेताही आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. म्हणाला, या मॅडमनी चार दिवस बसून ही वॉरंटी घेतली हो. मॅनेजरांनी उशिराचं कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं आणि कंपनीला अर्ज पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आलं: कंपनीची मूळ वॉरंटी राहील, वाढीव रद्द. तुझ्या मुलीला त्या रात्री झोप लागायला नको होती. सकाळी बाबांनी दोनदा उठवलं. आता मी पान्यांचा एक संच आणलाय आणि माहितीपुस्तक पुढ्यात ठेवून चेन ताणायला शिकतेय, ओळ वाचायची आणि एक फेरा फिरवायचा. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि विचारतात, आता काय लिवलं हाये?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून बिस्किटांच्या डब्यात ठेवतेय, मिक्सरच्या कार्डाखाली. मिक्सर अजून चालतो. फक्त एक गोष्ट राहिली. मॅनेजरांनी कारण विचारलं तेव्हा मी ‘लक्षात राहिलं नाही’ म्हटलं, आणि त्यांनी तेच लिहून घेतलं. ते खरं नाही. शनिवारी मी कळंबला आले, घराचं वळण आलं आणि मी ते सोडून राळेगावच्या रस्त्याने सरळ पुढे गेले. तीन किलोमीटरवर सातशे पन्नासचा आकडा फिरला. तो फिरताना मी पाहत होते, आई, आणि गात होते.