तिसऱ्या खांबापाशी

प्रिय बेन्यात,

आधी बातमी सांगते, नाहीतर दोन ओळी वाचून तू हे पत्र ट्रकच्या काचेपाशी टाकून देशील. तुझी घोडी सुधारली, जुनिपर. काल सकाळी आपल्याच रिंगणात एक नवी कालवड कुंपणाच्या कडेने सुसाट सुटली, घोडी तिच्या खांद्याला खांदा लावून धावली आणि कालवड जिथे थांबली तिथेच थांबली. घोडी मागचे पाय पोटाखाली घेऊन अशी दबली की तिच्या पाठीवर माझी टोपी डोळ्यांवर आली. मी उतरले आणि तिथेच मातीत फतकल मारलं. आईने स्वयंपाकघरातून हाक दिली, "पडलीस की काय गं?" म्हटलं, "नाही, बरं वाटतंय म्हणून बसलेय." ती म्हणाली, "मग आत येऊन बस, बीन्स करपतील."

तुझं जूनमधलं पत्र मला मिळालं होतं. घोडी कुणाला तरी देऊन टाक, खोगीरही देऊन टाक, माझ्या हातांत तो गुणच नाही, मी पुन्हा घोड्यावर बसणार नाही, असं लिहिलं होतंस. मी उत्तर दिलं नाही म्हणून आईकडे कुरकुर केलीस तेही कळलं. घोडी मी दिलेली नाही. खोगीरही जागेवर आहे, दर महिन्याला तेल लावते. का दिलं नाही ते सांगायला मला जरा वेळ लागणार आहे, तेव्हा दुकानातली गिऱ्हाईकं आटप आणि निवांत बसून वाच.

तू इथे होतास त्या शेवटच्या हिवाळ्यात मी जुनिपरला शिकवत होते ते तुला आठवत असेल. नाकावर बाबांचा तो वेणीचा पट्टा, तोंडात लोखंड नाही, सगळं कसं जुन्या रीतीने. बाबा म्हणायचे, घोड्याला आपण थांबवायचं नाही, गायीने थांबवायचं. आपण फक्त खोगिरात खोल बसायचं आणि गप्प राहायचं. मी तसंच करत होते. फक्त एक आळस केला. नवी गुरं आणायची म्हणजे शेजारच्या ओडेलकडे जायचं, त्याचं तासभर ऐकायचं, ट्रेलर जोडायचा. त्यापेक्षा मी आपल्याच सहा कालवडी घेतल्या आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत रोज त्याच पळवल्या. पंधरा दिवसांत त्या शिकल्या की तिसऱ्या खांबापाशी आपल्याला वळवतात. मग वळवायचीही गरज उरली नाही, त्या आपापल्या वळायच्या. आणि मी खूश. घोडी काय थांबते, काय वळते. आईला खिडकीतून बघायला लावायचे. तू कुंपणावर बसून म्हणालास, "ताई, ही गायीकडे बघतच नाहीये गं." मी म्हटलं, "तू तुझं गवत टाक."

मग एप्रिलमधली डागणी, वासरांना खुणेचे डाग द्यायचा दिवस. सगळी दरी आपल्याकडे जमलेली, बारा शेजारी कुंपणाला रेलून उभे. मला मिरवायचं होतं, पण माझं मनगट सुजलेलं, म्हणून तुला बसवलं. कालवड ओडेलची होती, तिने आपलं रिंगण जन्मात पाहिलं नव्हतं. ती तिसऱ्या खांबावरून सरळ पुढे निघून गेली. जुनिपर खांबापाशीच जागच्या जागी थांबली आणि तू कुंपणावर जाऊन आदळलास.

तुझ्या मांडीचं हाड मोडलं होतं, आणि मी धावत येऊन पहिलं काय बोलले? "किती वेळा सांगितलं, लगाम ओढू नकोस म्हणून." बारा जणांसमोर. तू मातीत पडलेला, चेहरा पांढराफटक, आणि मलाच म्हणालास, "चुकलं, ताई." दोन वर्षं झाली, ते दोन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. तेव्हा मात्र तूच लगाम ओढलास असं मला खरंच वाटलं होतं, शपथेवर सांगते.

यंदाच्या मार्चपर्यंत खरंच वाटत होतं. तू घर सोडून गेल्यावर मी जुनिपरला नुसती कुरणात सोडून ठेवली होती. एका सकाळी म्हटलं, बघू तरी, म्हणून रिंगणात मोकळी सोडली. खोगीर नाही, पट्टा नाही, एक गाय नाही. ओडेल कॉफीचा मग घेऊन कुंपणापाशी नेहमीसारखा बडबडत होता. घोडी दोन चकरा मजेत धावली आणि तिसऱ्या खांबापाशी आली तशी मागचे पाय घसरवत थांबली. वळली. माझ्याकडे बघायला लागली, शाबासकी दे म्हणून. मी पुन्हा पिटाळली. पुन्हा तोच खांब. ओडेल हसत म्हणाला, "मिरेन, आत्ता गं कोणी ओढला हिचा लगाम?" माझं तोंड बघून त्याचं हसणं थांबलं.

घोडी गाय शिकलीच नव्हती. ती खांब शिकली होती, आणि तो मीच शिकवला होता. तू लगाम ओढला नव्हतास, बेन्यात. तुझे हात सैलच असणार, म्हणून तर तू असा उडालास.

त्याच दिवशी तुला लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. स्वतःला सांगितलं की आधी घोडी दुरुस्त करू, मग लिहू. खरं सांगायचं तर हिंमत नव्हती. घोडी कायमची बिघडली असती तर तुला काय सांगणार होते, तुझं हाडही मी मोडलं आणि तुझी घोडीही मीच वाया घालवली? मग उन्हाळाभर तिला रिंगणाचं तोंड दाखवलं नाही. ओडेलच्या मोठ्या माळावर, जिथे कुंपण नाही, खांब नाही, नुसती सेजची झुडपं, तिथे रोज वेगळी गाय. पहिला महिना ती बावरली होती. गाय थांबली तरी ही पळत राहायची आणि मग गाय कुठे गेली म्हणून मान वर करून शोधायची. मला हसूही यायचं आणि रडूही. जुलैच्या शेवटी एकदा गायीने नुसता कान हलवला आणि घोडीने आधीच वजन मागे घेतलं. तेव्हा कळलं की हिला आता दिसतंय. तरी रिंगणात परत न्यायला कालची सकाळ उजाडली. त्या खांबाच्या अलीकडे मी श्वास रोखून धरला होता, आणि ती त्याच्यावरून अशी गेली की जणू तिथे खांब नव्हताच.

काल दुपारी डोंगरावरून गुरं खाली आणायला आलेले सगळे आपल्याकडे जेवायला होते. तेच बारा जण, एक कमी नाही. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, सहा कालवडी, खांब, माझं ओरडणं, झाडून सगळं. आईने डोळे पुसले आणि मटणाचं भांडं पुढे सरकवलं. मला वाटलं होतं आता सुटले, पण ताटावर बसल्यावर लक्षात आलं की एक गोष्ट त्या बारा जणांना सांगायची नव्हती, ती फक्त तुला सांगायची आहे, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. बाबांनी जाण्यापूर्वी मला म्हटलं होतं, "हात बेन्यातचे चांगले आहेत, तुझ्यापेक्षाही. त्याला सांग कधीतरी." मी ते नऊ वर्षं सांगितलं नाही. म्हणूनच त्या दिवशी 'लगाम ओढू नकोस' इतक्या पटकन माझ्या तोंडात आलं. तुझे हात वाईट निघावेत असंच मला हवं होतं. आता सांगितलं. रागव, शिव्या दे, उत्तर देऊ नकोस, सगळं चालेल. पण तुझ्या हातांत गुण नाही असं पुन्हा कधी लिहू नकोस, कारण ते खोटं आहे आणि ते मला पहिल्यापासून माहीत होतं.

तुझीच,
मिरेन ताई