पिशवीसकट लावलेली रोपं

प्रिय आई,

मी मजेत आहे. हातावरचे फोड बसलेत, जेवण वेळेवर मिळतं. बाबांची कंबर कशी आहे?

सुट्टीभर टेकडीवर रोपं लावायला आले खरी, पण शिबिराचे सर म्हणाले, "प्लास्टिकच्या पिशवीसकट लावा, मुळं दुखावत नाहीत." तू नेहमी पिशवी फाडतेस, तरी मी त्यांचंच खरं मानलं.

काल पाहुणे फोटो काढून गेले आणि सरांनी तीच रोपं आमच्याकडूनच उपटून टेम्पोत भरून घेतली. आता दुसरी टेकडी, दुसरे पाहुणे! वर मलाच म्हणतात, "इतकं काय मनाला लावून घेतेस?"

मी सगळ्यांदेखत एका रोपाची पिशवी टराटरा फाडली आणि ते परत लावलं. आता उपटून दाखवा म्हणावं.

मला न्यायला येऊ नका. त्याला पाणी घालायला कुणीतरी हवं.

तुझी हट्टी लेक