आतलं लांब पातं

८ जानेवारी
आज खांद्याचं ऑपरेशन एकटीने. हॉस्पिटल दोघांचं, पण संदीप पुण्याला, समोर धरायला कोणी नाही. तरी अडलं नाही. आम्ही दोघांनी बनवलेला रिट्रॅक्टर लावला, खटका बसवला. स्नायू दोन्ही बाजूंना धरून तो आपला आपण उभा राहिला. याच्यासाठीच तर दोघांनी डोकेफोड केली होती. पेणसारख्या ठिकाणी दुसरा असिस्टंट मिळतो कुठे.
संदीपला मेसेज केला, ‘आपलं बाळ मस्त काम करतंय.’ उत्तर नाही.

११ जानेवारी
कंपनीचा माणूस ओपीडीत कॅटलॉग ठेवून गेला. त्यात आमचा रिट्रॅक्टर. खाली संदीपचं नाव. फक्त संदीपचं.
डबा तसाच राहिला. पेशंट तपासले, काय लिहून दिलं ते परत वाचून बघितलं.

१२ जानेवारी
रोह्याला गेले. पहिला नमुना प्रकाशदादांनीच त्यांच्या लेथवर काढून दिलेला. ते मशीन बंद करून बाहेर आले.
‘सर कंपनीवाल्यांना घेऊन आले व्हते. मी इचारलं, मॅडम नाय आल्या? तर बोलले, मॅडमला माहिती हाय.’
मी हो म्हटलं. का म्हटलं? त्यांच्यासमोर लाज वाटली. फसवलं त्याने, लाज मला.
परत येताना पेणजवळ रामवाडीला पोचले तेव्हा लक्षात आलं, नागोठणं कधी मागे पडलं ते आठवत नाही.

१३ जानेवारी
संदीप आला. ‘त्यांना एकच नाव हवं होतं. तुला सांगणारच होतो.’ कॉलेजपासूनची ओळख, नि हे वाक्य.
कंपनीचा नमुना त्याच्या टेबलावरच होता. उचलून बघितला. आतलं पातं लांब, आमच्या पहिल्या नमुन्याचं. हिराबाई या पेशंटचा हात अडला, त्यानंतर आम्ही ते आखूड केलं होतं, कडा गोल केल्या होत्या.
‘हे का?’
‘त्यांच्या चाचण्या याच्यावर झाल्यात. आता बदललं तर पुन्हा पहिल्यापासून.’
‘आणि हिराबाई?’
‘बरी झाली ना ती?’
नमुन्याशेजारीच याच्यावरचा त्याचा छापील लेख. त्यात लिहिलंय, एकाही पेशंटला त्रास झाला नाही. नावाचं दुःख तिथेच मागे पडलं. म्हणजे गेलं नाही, पण मागे पडलं.

१७ जानेवारी
हिराबाईकडे. खाडीकाठचं गाव, बाई मिठागरावरून नुकती आलेली. तिचं ऑपरेशन संदीपने केलं, मी समोर होते. लांब पात्याने आतली नस दाबली गेली आणि कोपर वाकेना. सून कित्येक महिने भरवत होती. नंतर हात हळूहळू वाकायला लागला.
मला वाटत होतं, संदीपने तिला कारण सांगितलंय.
‘डाक्टर बोलला सूज हाय. मना वाटला, मीच लवकर हंडा उचलला म्हनून झाला. सून पन तसाच बोलत व्हती.’
मी सगळं सांगितलं. हाताने पात्याची लांबी दाखवली. तिने कोपर एकदा वाकवून बघितलं.
‘मंजे माजा काय चुकला नव्हता.’
‘नाही.’
‘मंग मना कुनी सांगला का नाय?’
तुमच्याबद्दल इतर डॉक्टरांना सांगू का, विचारलं.
‘सांग गो बाय. माजा नाव घेऊन सांग.’ मग सुनेला हाक मारली. ‘ये, आयक जरा, ही काय बोलतं.’

२४ जानेवारी
पनवेलला डॉक्टरांची सभा. संदीप रिट्रॅक्टरवर बोलला, छान बोलला. टाळ्या. मी उठले, लांब पात्याबद्दल आणि हिराबाईबद्दल सांगितलं. नाव घेतलं तिचं.
संदीप म्हणाला, ‘डॉ. मेधा माझ्या जुन्या सहकारी आहेत, थोडा गैरसमज आहे.’ जुन्या? काल सकाळी एकाच टेबलाशी ऑपरेशन केलंय.
चहाच्या वेळी कोणी जवळ आलं नाही. एक म्हातारे सर्जन तेवढे हळूच म्हणाले, ‘घरातलं घरात ठेवायचं असतं.’

२७ जानेवारी
संदीप तीन दिवस आलेला नाही. त्याचे पेशंट मीच बघतेय. ‘सर कुठे?’ म्हणून सगळे विचारतात.

२९ जानेवारी
कंपनीच्या साहेबांचा फोन. फार गोड बोलले. तुमच्यावर अन्याय झाला म्हणाले. कॅटलॉगच्या पुढच्या छपाईत दोघांची नावं, तुमचं आधी. पातंही आखूड करू, फक्त तयार झालेला माल आधी जाऊ दे. तोवर तो विषय कुठे काढू नका.
‘कुठे कुठे जाणार तो माल?’
‘छोट्या गावांतल्या हॉस्पिटलांना. तुमच्यासारख्या.’
मी म्हटलं, उद्या सांगते.
फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात. नाही म्हणायला उद्या कशाला हवा होता मला?