मारुतीची तिसरी पायरी

तात्या, आज मी बोलले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. मालक व्हते, विम्याचे साहेब व्हते, शेडमधल्या बारा बाया व्हत्या, आन सगळी माझ्याच तोंडाकडं बघत व्हती. तुमी असता तर म्हणला असता, ही आपली पोर न्हवंच, दुसऱ्या कुणाची तरी हाय. तुमी गेला तवा मी नऊ वर्सांची व्हते, आता सतरा पुरी झाली. सातवीनंतर शाळा सोडली, आईला एकटीला झेपंना म्हणून. आता आपल्या ओढ्याच्या वरच्या अंगाला, मारुतीच्या देवळासमोर पत्र्याची शेड झालीया, तिथं मी कामाला जाते. बारक्या मोटरींची तार गुंडाळायची, आन ती मोठ्या कंपनीत चिंचवडला जाती. मी दोन वर्सं तिथं हाय, पण बोलत कुणाशी न्हाई. बायांमधली थोरली मावशी तर म्हणती, "हिनं मोटरीसंगं तोंडाला बी तार गुंडाळलीया."

आज सकाळी मालक निगडीहून स्कूटरवर आले, मागं विम्याचे साहेब बसलेले. बँकेनं सांगितलंय म्हणं, शेडचा विमा काढा. आमी कामच करत व्हतो, पण कान तिकडं. साहेब कागद पुढं करून म्हणाले, "आगीचा झाला. पुराचं यात धरलेलं नाही हं, ते वेगळं जोडून घ्यावं लागतं. घ्यायचं का?" मालक हसले. म्हणाले, "पूर? अहो साहेब, मी जागा घेताना अख्ख्या गावाला विचारलंय. आजवरचा सगळ्यात मोठा पूर मारुतीच्या तिसऱ्या पायरीला लागला होता. आमची फरशी त्या पायरीच्या चार बोटं वर आहे. मुद्दाम बघून बांधलीय. आणि तो पूर येऊनसुद्धा सतरा वर्षं झाली." साहेब म्हणाले, "सतरा वर्षं आला नाही म्हणजे यंदा येणार नाही, असं नदीनं काही लिहून दिलेलं नाही. एकदा आला म्हणजे पुढची इतकी वर्षं सुट्टी, असं तिचं नसतं. आणि पाणी दारात आल्यावर मला बोलावलंत तर मला काही करता येणार नाही." मावशीला कुठं राहवतंय? ती तारेवरून हात न काढता म्हणली, "आन सायेब, पूर आलाच न्हाई तर पैसं परत देत्यात का?" साहेब वळून म्हणाले, "मावशी, तुमच्या दारात कुत्रं आहे?" "हाय की." "त्याला भाकरी टाकता. वर्षभर चोर आला नाही म्हणून भाकरी परत मागता का?" सगळ्या बाया खो खो हसल्या. मावशी म्हणली, "लई खातंय वो पण मेलं!" मंग मालक बी हसले आन पेन काढून म्हणाले, "नको साहेब, पुराचं राहू द्या."

आन तात्या, तवाच मला ती पायरी दिसली. डोळ्यांपुढं, अगदी लख्ख. तुमी नदीवरनं येताय. नदीत पाटबंधारे खात्याची रंगवलेली पट्टी उभी हाय, तिच्यावर पाणी कुठवर हाय ते बघून आलाय, आन देवळाच्या पायरीवर बसून वहीत आकडा लिहिताय. मी तुमच्या गुडघ्याला टेकून उभी. तुमची चप्पल मातीत हाय. मातीत, तात्या! म्हणजे ती सगळ्यात खालची पायरी. तिच्या कोपऱ्याचा टवका उडाल्याला, मी त्यात बोट घालून खेळायची. तुमी मला तिथनं वर मोजत न्यायचा, एक, दोन, तीन, आन तिसरीवर उभी करून म्हणायचा, "तू आईच्या पोटात व्हतीस तवा नदी हितवर आलती बघ. नदीला ही वाट ठाऊक हाय." आन परवा शनिवारी मी देवळात गेल्ते तवा तेल घालताना बघितल्यालं, ती टवक्याची पायरी आता खालून तिसरी हाय. खाली अजून दोन पायऱ्या हायत. मला तवा काय बी वाटलं न्हवतं. आज एकदम ध्यानात आलं. मालकांनी गावाला विचारलं ते बरोबर, गावानं सांगितलं ते बी बरोबर. पण गाव जुनी तिसरी सांगत व्हतं आन मालकांनी नवी तिसरी मोजली.

मी उठले. मशीन तसंच फिरत ठेवून उठले. "मालक, ती तिसरी पायरी न्हवं," मी म्हणलं. आवाज असा फाटला की मलाच कळंना कोण बोललं. मावशी म्हणली, "अगं बया! ही बोलती!" मालक म्हणाले, "काय गं?" मी म्हणलं, "पाणी पाचवीला लागल्यालं." "कुणी सांगितलं तुला? तू तेव्हा जन्मली तरी होतीस का?" सगळ्या हसाय लागल्या. वाटलं खाली बसावं. पण खाली बसले तर कागदावर सही व्हणार, आन उद्या पाणी आलं तर ह्या बारा जणींनी कुठं जायचं? त्यातल्या चौघींच्या घरी दुसरं कमावणारं कुणी न्हाई. मी म्हणलं, "माझे तात्या पाटबंधाऱ्याकडं पाणी मोजाय व्हते. चला देवळात, दाखवते."

आन गेलो की सगळी! पुढं मी, माझ्यामागं साहेब, मालक, आन काम टाकून बाया. गुरव बसलेले, त्यांना वाटलं कुणाचा नवस फेडाय आलोय. मी खालच्या पायरीवरचा तांबडा तेलरंग पत्र्याच्या तुकड्यानं खरवडला. गुरव ओरडले, "ए पोरी, मंडळाच्या पोरांनी नवा रंग दिलाय!" पण रंगाखाली सिमेंट निघालं. दुसरीला बी सिमेंट. तिसरीला खरवडलं तर काळा दगड, आन कोपऱ्यात तो टवका, रंगानं बुजल्याला. गुरव कपाळाला हात लावून म्हणाले, "व्हय की गं! लॉऱ्या चढंनात म्हणून रस्ता खाली खणला न्हाई का, तवा ह्या दोन वाढवल्या. मीच उभा व्हतो हितं. पण पूर कितवीला म्हणलं की तोंडातनं तिसरीच येती बघ." साहेब तर गुडघ्यावर बसून त्या टवक्याला हात लावून बघाय लागले.

मालक तरी म्हणाले, पाचवी पायरी शेडमध्ये कुठवर येते ते नुसतं डोळ्यानं कळत नाही. मंग शेडच्या मागं भिंत बांधणारे गवंडी व्हते, त्यांच्याकडची पाण्याची नळी आणली. पारदर्शक, लांबच्या लांब, दोन्हीकडं पाणी एका पातळीत राहतंय ती. एक टोक गवंड्यांनी पाचव्या पायरीला धरलं, दुसरं मी धरलं. रस्ता ओलांडून, दारातनं, पार माझ्या मशीनपर्यंत नळी पुरली. मालक ओरडत्यात, "हलवू नको गं!" मी श्वास धरून उभी. नळीतलं पाणी वर झालं, खाली झालं आन थांबलं. मालकांनी खडूनं माझ्या मशीनच्या पायावर रेघ मारली. माझ्या गुडघ्याच्या जरासंच खाली! मोटरी फरशीवरच ठेवल्यात, तारेची रिळं फरशीवर, खोकी फरशीवर. सगळं त्या रेघेच्या खाली. मावशीनं लुगडं घोट्यावर उचलून धरलं, जणू पाणी आलंच. मालक रेघेकडं बघत राहिले आन म्हणाले, "साहेब, पुराचं लिहा." मंग माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि उद्यापासून सगळा माल फळ्यांवर, कमरेच्या वर. तू सांगशील तसा." मी सांगंल तसा, तात्या!

जाताना साहेबांनी मला विचारलं, तात्यांच्या वह्या असतील का घरात? म्हणाले, "विमा म्हणजे अंदाज असतो बाळ, आणि अंदाज अशाच माणसांच्या नोंदींवर उभा असतो. कुणीतरी रोज जाऊन बघितलेलं असतं म्हणून आम्ही बोलू शकतो." तुमच्याबद्दल असं कुणी बोललेलं मी कधी ऐकलं न्हवतं. मी म्हणलं, पक्क्या वह्या खात्यात गेल्या, पण कच्ची हाय ट्रंकेत, उद्या आणते. घरी पळतच आले. आईला सांगितलं, तर ती रडली आन मंग चहाला साखर जास्तच घातली.

वही काढलीया. तुमचं ते तिरकं अक्षर. रोज सकाळी एक, संध्याकाळी एक, एक दिवस सुटल्याला न्हाई. ही चिठ्ठी टाकायला कुठं पेटी न्हाई, लिहून झाली की चुलीत घालीन. पण वही साहेबांच्या हातात द्यायच्या आधी तुमाला एक सांगायचंय. तुमाला ताप भरला व्हता, उठवत न्हवतं, तवा पट्टी बघून याय मला धाडलं व्हतं. मी आले आन आकडा सांगितला, तुमी अंथरुणातनंच लिहिला, मला शाबास म्हणला. ते पान आता माझ्या पुढ्यात उघडं हाय. तात्या, त्या दिवशी पाऊस लागला व्हता म्हणून मी शेजारच्या पडवीत पोरींसंगं सागरगोटं खेळत बसले. नदीवर मी गेलेच न्हवते.