स्तारा वोलातला थांबा

१२ ऑक्टोबर, मंगळवार

पावाच्या गाडीची फेरी. ओल्शिन्कात चार गिऱ्हाइकं, बोरेकमध्ये दोन. स्तारा वोलात एकच — युलिता आजी. त्या गावात आता तिच्याशिवाय कुणी राहत नाही. मी गाडीचा भोंगा वाजवायच्या आत ती फाटकाशी उभी. एरवी अर्धा पाव घेते. आज म्हणाली, "दोन अख्खे दे."

"पाहुणे आलेत?"

"कोंबड्यांना."

कोंबड्या तिनं उन्हाळ्यातच विकल्या. मी पाव दिले. माझं काम पाव विकणं. लोक त्याचं काय करतात ते विचारणं नव्हे.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा दोन. शिवाय सॉसेज, साखर — आणि बायकांचे लोकरी मोजे आहेत का, अशी चौकशी. मोजे मी ठेवत नाही.

१७ ऑक्टोबर, रविवार

स्लावेक जेवायला. बहीण गेल्यापासून तो रविवारचा माझ्याकडेच असतो. किसलेल्या बटाट्याची बाबका भट्टीत भाजली होती, त्याच्या आईसारखी. सीमेवरच्या गस्तीत लागल्यापासून पोरगा निम्मा झालाय.

"मावशी, तू गावोगाव फिरतेस. कुणी एकाएकी जास्त पाव घ्यायला लागलंय का?"

"थंडी पडली की सगळेच जास्त खातात."

"सीमा ओलांडून रानातून येणाऱ्यांना कुणीतरी घरात ठेवतंय. सापडलं तर अवघड होईल, सांगून ठेवतो."

"साय घे अजून," मी म्हटलं.

त्यानं साय घेतली नाही. आपणहून म्हणाला, "परवा दलदलीत एक माणूस सापडला. मेलेला. पायात घरात घालायच्या सपाता." मग काट्यानं ताटलीतलं नुसतं इकडून तिकडे करत बसला.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

पाऊस. आजी फाटकाशी नव्हती. भोंगा दोनदा वाजवला. पडदा हलला, तिनं आत बोलावलं.

स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला एक बाई पडलेली. तिशीची असेल. नाव रीमा, सीरियाची — एवढंच आजीला कळलंय. एक पाऊल सुजून काळंनिळं. वास येत होता. आजी तिच्याशी आपल्या बोलीत बोलते, ती आपल्या भाषेत उत्तर देते. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही, पण बोलणं थांबत नाही.

"हायनुफ्कात माझी भाची आहे, नर्स. तिच्या घरी पोचव हिला."

"आजी, रस्त्यात तपासणी असते."

"तुझी गाडी कोण तपासतंय? सगळे ओळखतात तुला."

"सापडलं तर गाडी जाईल. मी तुरुंगात जाईन ते वेगळंच."

"जाशील," ती म्हणाली. "गावात चाळीस घरं होती तेव्हा त्यातलं कुणीतरी मदतीला निघालं असतं. आता मी कुणाला सांगू, बोझेना? तूच सांग."

शुक्रवारी बघू, म्हणाले आणि निघाले.

२० ऑक्टोबर

नाही म्हणायचं ठरवलं. पन्नाशी उलटल्यावर असले धंदे कुणी सांगितलेत.

२१ ऑक्टोबर

नाहीच म्हणायचं. दुकानातून मोजे आणले. नुसते देऊन येईन.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

पावाच्या ट्रेंमागे रीमाला आडवी केली, वर पिठाची रिकामी पोती. बोरेकच्या वळणावर गस्तीची जीप आडवी उभी. स्लावेक, आणि जीपमध्ये त्याचा साहेब. स्लावेक म्हणाला, "मावशी, मागचं दार उघड." उघडलं. त्यानं दोन ट्रे ओढून बाहेर काढले. एक पोतं सरकलं, खालून नव्या लोकरी मोज्यातलं पाऊल दिसलं. त्यानं पोतं पुन्हा त्यावर ओढलं. मग ट्रे आत ढकलले, दार लावलं, स्वतःच्या हातानं कडी घातली. माझ्याकडे बघितलं नाही.

"काय आहे रे?" साहेब आतून ओरडला.

"पाव," स्लावेक म्हणाला.