हेनिंगचं श्वासातलं ‘हो’

११ ऑगस्ट, सोमवार

पेडल गेलं! एकवीस वर्षं उजव्या पायाखाली होतं. दाबलं की डॉक्टर बोलायला लागायचे, सोडलं की गप्प. आज एक माणूस आला आणि कानाच्या यंत्रासकट सगळं खोक्यात घालून घेऊन गेला. पाय दिवसभर आपला टेबलाखाली हलतोय.

डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून रुग्णांच्या नोंदी टाईप करणाऱ्या आम्ही नऊ जणी होतो या खोलीत. आता मी एकटी. एक सप्टेंबरपासून डॉक्टर बोलणार आणि मशीनच लिहिणार. गुन-ब्रिट आमची साहेबीण. तिने कागद पुढे सरकवला. “एकतीस ऑक्टोबरपर्यंत कळव, सिव. एक तर संगणकाचं शिकून घे आणि मशीनला शिकवणारी हो. नाहीतर केक कापू आणि निरोप देऊ.”

सत्तावन्नाव्या वर्षी शाळा!

लिहूनच टाकते, इथे कोण बघतंय. मला धास्ती नोकरीची नाही, हेनिंगची आहे. डॉक्टर हेनिंग वर डोंगरात आरोग्यकेंद्र चालवतो, इथून दोनशे किलोमीटरवर. एकोणीस वर्षं त्याच्या नोंदी मी टाईप केल्या. एकदाही भेटलो नाही. त्याने माझा आवाजसुद्धा ऐकलेला नाही. पण नोंद संपली की तो माझ्यासाठी दोन वाक्यं बोलतो. “सिव, रेनडियरचा अख्खा कळप दारात उभा आहे, रुग्ण आत येणार कसे?” आणि शेवटी आपल्याकडचं ते ‘हो’ — श्वास आत ओढून म्हटलेलं. इथे वर उत्तरेत सगळेच तसं म्हणतात, पण त्याचं मऊ आहे. मी उत्तर द्यायची शंकेच्या रकान्यात, ऐकू न आलेलं डॉक्टरला विचारायचं असतं तिथे. ‘गोळी पाच की पन्नास मिलिग्रॅम?’ आणि त्याखाली हळूच, ‘कळपाला नंबर लावायला सांग.’

त्याची बायको गेली तेव्हा त्याने मला टेपवरच सांगितलं. रडलासुद्धा. ते मी कुठेही लिहिलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मशीनवाली बाई आली. मार्युत. फिनलंडची, पंचेचाळिशीची, तोंडाची फटकळ. मला पडद्यासमोर बसवलं. सगळ्या डॉक्टरांच्या जुन्या बोलण्यातली वाक्यं, नावं काढून टाकलेली. प्रत्येकावर मी खूण करायची — ‘नोंदीत’ किंवा ‘बाहेर’. मशीन त्यावरून शिकणार.

हे मला झोपेतही येतं! रुग्णाच्या कागदात रुग्णाशिवाय काही येता कामा नये, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकलो. हवापाणी बाहेर. नर्सला मारलेली हाक बाहेर.

“आणि खोकला, उसासे, श्वास?” मार्युतने विचारलं.

“बाहेर!”

संध्याकाळी ती माझे आकडे बघून म्हणाली, “अगं बाई, तू तर मशीनच्या वरताण आहेस.” काय सांगू, फुलूनच गेले. घरी येताना स्वतःसाठी बन घेतला, वेलचीचा.

१ सप्टेंबर, सोमवार

मशीन सुरू झालं. मी फक्त मजकुरावर नजर टाकायची, आवाज आता माझ्याकडे येत नाही. हेनिंगच्या सहा नोंदी आल्या, चकचकीत, एक चूक नाही. खाली माझ्यासाठी काही नाही. घाईत असेल.

शंकेचा रकानाही काढून टाकलाय. मशीनला शंका येत नाही!

९ सप्टेंबर, मंगळवार

आजही काही नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चार आठवडे होत आले. एक शब्द नाही. बरोबरच आहे — मशीनला कोण रेनडियरच्या गोष्टी सांगेल? मी त्याच्यासाठी त्या मशीनचाच एक भाग होते तर. कान आणि दहा बोटं. एकोणीस वर्षं मी मात्र त्याला धरून बसले, वेडी कुठली. आज क्लाउडबेरीच्या, आमच्या त्या केशरी रानफळांच्या, मुरंब्याची बरणी उघडली आणि उभ्यानेच चमच्याने खाल्ली. अर्धी संपवली.

त्याला फोन करायचा विचार आला. काय म्हणू? तू का बोलत नाहीस? छे!

८ ऑक्टोबर, बुधवार

गुन-ब्रिटला सांगून टाकलं की बहुतेक केकच. ती म्हणाली, “घाई करू नकोस. वीस तारखेचा मार्युतचा धडा तरी कर.” बरं म्हटलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

ओळीने लिहून काढते.

आजचा धडा होता एका डॉक्टरचा मूळ आवाज आणि मशीनचा मजकूर शेजारी ठेवून चुका काढायचा. “कुणाचा घेतेस?” मार्युतने विचारलं. मी म्हटलं, हेनिंगचा. रागानेच म्हटलं. बघू तरी म्हटलं, साहेब किती कोरडे झालेत.

आवाज लावला. गुडघ्याची नोंद संपली. आणि मग —

“सिव, मशीन आलंय म्हणतात. पण मागे तू आहेसच ना?”

मी कानावरचं यंत्र दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पुढची नोंद. “सिव, पहिलं बर्फ पडलं, आणि मी फावडं हरवून बसलोय.” पुढची. “सुटीवर आहेस का? सुटी लांबली म्हणायची.” पुढची. “कंटाळली असशील म्हाताऱ्याच्या बडबडीला. कंटाळ. मी बोलतोच, सवय झालीय.” रोज! सात आठवडे रोज बोललाय तो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेजारी पडद्यावर करड्या अक्षरांत एकच शब्द — बाहेर.

मीच शिकवलं ते. मी! बन खाल्ला वर.

मार्युत शेजारी होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कॉफी आणून ठेवली. तिला फटकळ म्हणाले होते ना, परत घेते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

काल ऐकताना रडत होते, म्हणून लक्षात आलं नाही. आज सगळं पुन्हा ऐकलं, सप्टेंबरपासून, ओळीने.

सप्टेंबरात आवाज जरा घोगरा. सर्दी असेल म्हटलं. पण सर्दी उतरते. हा घोगरेपणा उतरतच नाही, दर आठवड्याला चढतोय. आणि शेवटचं ते ‘हो’! श्वास आत घेतो तेव्हा खरखर होते, बारीक शिट्टी वाजते. एकोणीस वर्षं ते ‘हो’ माझ्या कानात पडलंय. हे त्याचं नाही.

घशाच्या डॉक्टरांच्या नोंदी मी हजारोंनी टाईप केल्यात. ‘घोगरेपणा तीन आठवड्यांवर, तातडीने तपासणी.’ पुढे काय लिहितात तेही मला पाठ आहे. लिहिणार नाही.

मशीनची चूक नाही म्हणा. शब्द सगळे बरोबर आहेत.

तो घरात एकटा. केंद्रात येणारे आपापली दुखणी घेऊन येतात. त्याला सांगणार कोण? उद्या फोन करते. भीती वाटते. त्याहून जास्त भीती त्या शिट्टीची वाटते.

२२ ऑक्टोबर, बुधवार

केला!

“आरोग्यकेंद्र.” तोच आवाज, आणि माझा पाय आपसूक टेबलाखाली पेडल शोधायला लागला.

“हॅलो? कोण आहे?”

“सिव.”

“माझी सिव?” हे असंच म्हणाला, शब्द बदललेला नाही मी. मग, “तुझा आवाज असा आहे होय? मला वाटलं होतं, जाडजूड असेल.”

“हेनिंग, तुझा घसा दाखव. आजच. सात आठवडे झाले, श्वास आत घेताना वाजतो तुझा. मी सगळं ऐकलंय. मला काल-परवाच मिळालं, सगळं एकदम. मी गप्प नव्हते रे, मला कळलंच नव्हतं!”

“एकोणीस वर्षांनी फोन केलास,” तो म्हणाला, “आणि घसा दाखव म्हणतेस!” हसायला गेला आणि खोकत सुटला. खोकला थांबल्यावर हसला नाही. “खरंच वाजतो?”

“वाजतो.”

“मला नाही ऐकू येत.”

“मला येतो ना.”

मग त्याने श्वास आत ओढून ‘हो’ म्हटलं, आणि आम्ही दोघांनीही ते ऐकलं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सही केली. शिकायला राहते. पण अट घातली — दहातली एक नोंद माणसाने कानांनी ऐकायची, श्वासासकट. “हे कोण करणार?” गुन-ब्रिट म्हणाली. “मी,” म्हटलं. मार्युतने टेबलावर थाप मारली. “मग आधी मशीनला शिकवू, श्वास वेगळा आला की तुला हाक मारायची. हा प्रोग्रॅम तू लिहायचास. मी शेजारी बसेन.” मी प्रोग्रॅम लिहिणार! आई असती तर तिला खरं वाटलं नसतं.

हेनिंगची तपासणी झालीय. निकाल नाही. रोज फोन करतो, मी बोलू देत नाही त्याला फार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गाठ आहे. घशात, स्वरतंतूवर, छोटी. वेळेवर सापडली, काढता येईल. त्याने फोनवर एवढंच सांगितलं. उशीर झाला असता तर काय, ते मी विचारलं नाही. आम्हाला दोघांनाही माहीत आहे. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात फरशीवर बसून हुंदके देऊन रडले. सुटल्यासारखं वाटलं.

६ डिसेंबर, शनिवार

हेनिंग आला. बसने चार तास, हातात क्लाउडबेरीची बरणी. उंच आहे, कान मोठे आहेत. मागच्या आठवड्यात ऑपरेशन झालं, आता दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, अशी सक्त ताकीद. मग दुपारभर मीच बोलले, एवढी वर्षं साठलेलं सगळं, आणि तो माझ्या टेबलाशी बसून ते टाईप करत होता. दोन बोटांनी! मधेच हात वर करायचा — हळू बोल.