डोहावर येण्याआधी

प्रिय शलोमी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. शेजारची संगीता उद्या सकाळच्या एसटीनं यवतमाळला येतेय, तिच्या हाती हे तुझ्या नर्सिंगच्या हॉस्टेलवर पोचेल. पोटच्या पोरीलाही तुझी याडी चार ओळींच्या वर कधी लिहीत नाही, तेव्हा हसू नकोस. अक्षर लावून वाच.

घरचं बरं आहे. तूर भरली, रानडुकरं रोज येतात. तुझ्या बापानं शेताभोवती झटक्याची तार ओढली आणि पहिला झटका स्वतःच खाल्ला. तांडाभर त्याची थट्टा चालली आहे. मागच्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब एदेन बागेवर बोलले. एवढी मोठी बाग, आणि ज्याचं फळ खायचं नाही त्या एका झाडाला देवानं साधं काट्याचं कुंपणही घातलं नाही! मला रागच आला. घातलं असतं तर पुढचा सगळा घोळ टळला असता. पाळकसाहेब म्हणाले, "कोंडलेल्या ढोराचं मालकावर प्रेम हाय का नाही, हे मालकाले कधीच कळत नाही." ऐकलं आणि मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.

कारण मी तुझ्याभोवती तारच ओढली आहे. दिवाळीत तू मला म्हणालीस, "याडी, देव हाय का नाही, मले अजून सांगता येत नाही. खोटं काहून बोलू?" तू गेल्यावर मी बाप्तिस्म्याचा अर्ज आणला, विश्वास कसा आला ती तुझी साक्ष मीच लिहिली आणि खाली तुझी सही केली. आपल्यात तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देत नाहीत, मोठं झाल्यावर ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं मागायचा असतो. हे माहीत असून मी तुझ्या नावानं मागितला. मला नरकाची भीती वाटते गं. उद्या काही बरंवाईट झालं तर तू त्या बाजूला, मी या बाजूला, आणि ते कायमचं. भाकरी थापताना, कापूस वेचताना डोक्यात दुसरं काही येत नाही.

पाळकसाहेबांनी तुला अभिनंदनाचा फोन केला, तेव्हा मी तिथंच बसले होते. स्पीकर चालू होता. "साक्ष तूच लिहिली ना, बेटा?" ती कुणी लिहिली हे तू ओळखलंस. तरी "हो" म्हणालीस. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद आहे. तू मला वाचवलंस, पण त्या "हो"नं माझी झोप उडाली. नाताळाच्या आदल्या रविवारी तू पैनगंगेच्या डोहात उभी राहशील, ते विचारतील, "आपल्या मर्जीनं आली का?" आणि माझ्या इज्जतीसाठी तू पुन्हा हो म्हणशील. मग देवाच्या हाती काय लागेल? ओल्या कपड्यांतली माझी भीती.

माझंही तसंच झालं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुझ्या दादीच्या, रामीबाईच्या धाकानं मी पाण्यात उतरले. विश्वास आला तो सात वर्षांनी, भर दुपारी, पऱ्हाटीच्या ओळीत एकटी कापूस वेचत असताना. कुणी विचारलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. देवाला माझ्यासाठी सात वर्षं थांबता आलं. मला दिवाळीपासून नाताळापर्यंत थांबता आलं नाही.

आज दुपारी मी पाळकसाहेबांकडे जाऊन सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत. बाप्तिस्म्याच्या नावांची यादी पुढे सरकवून म्हणाले, "तुमच्याच हातानं खोडा." खोडलं. तुझ्या बापालाही सांगितलं, तो अजून जेवला नाही. तांड्यात बोभाटा होईल, होऊ दे. माझी भीती गेली असं मात्र समजू नकोस. नाव खोडल्यापासून ती दुप्पट झाली आहे, कारण आता तू खरंच नाही म्हणू शकतेस. हेच सांगायला हे पत्र. तुझं नाव यादीत नाही आणि मी ते पुन्हा लिहिणार नाही. नाताळाला घरी ये, पोरी. नाही म्हणायला आलीस तरी ये.

तुझीच,
भित्री याडी